आडवं सात

हेस्टर राऊटलेज शब्दकोडं पेन्सिलीने सोडवते,
युअर्ट पेनने सोडवायचा.
एवढ्यावरून एक्कावन्न वर्षं त्यांचं वाजत राहिलं.
वाजत म्हणजे भांडण नव्हे.
त्यासाठी इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे,
आणि तेच आज आडवं सातला अडलंय:
हलकेच रागावणे. अक्षरं पाच.

खिडकीबाहेर सॉल्वेची ओहोटी,
मैलभर चिखल, त्यापलीकडे स्कॉटलंड
न आवरलेल्या अंथरुणासारखं.
दर मंगळवारी मी येते,
युअर्टचा उजवा हात वर नेते, खाली आणते,
बोटं एकेक करून उलगडते.
या हातांनी चाळीस वर्षं कोळंबीची जाळी ओढली.
ऑगस्टपासून ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे
मांडीवर पडून असतात.

‘स्कोल्ड,’ मी म्हटलं. पाचच होतात.
‘छे,’ हेस्टर म्हणाली,
(तीस वर्षं ॲबीटाउनच्या शाळेत व्याकरण शिकवलंय तिने)
‘स्कोल्ड शेजाऱ्यांना ऐकू जातं.
स्कोल्ड करायला उठून उभं राहावं लागतं.
हे म्हणजे चाइड.
हे मोजे जुळवता जुळवता करता येतं.’
मग पेन्सिल कानामागे खोचून, वर्गात असल्यासारखी:
‘चाइड. भूतकाळ चिड. आता कुणी म्हणत नाही तसं,
सगळे चाइडेड म्हणतात.
आणि याला सख्खं भावंड कुठल्याच भाषेत नाही.
जर्मनमध्ये नाही, डचमध्ये नाही.
एकटंच आलंय कुठूनसं.’

चिड!
मी हसले. सांगितलं तिला,
आमच्याकडे चिडलेला माणूस ताटावरून उठतो,
दार आपटतो, दोन दिवस बोलत नाही.
‘मग ते नातेवाईक नव्हे,’ ती म्हणाली,
‘नुसतं नाव जुळलंय.’

युअर्टची करंगळी उलगडताना
मी मनात आमची क्रियापदं चाचपत राहिले.
खडसावणं: यात खडे आहेत, लागतात.
झापणं तर ऐकतानाच गालावर बसतं.
दटावण्यात बोट उगारलेलं,
कानउघाडणीला समोर बसवावं लागतं.
तिच्या चाइडला आमच्याकडे क्रियापदच नाही बहुधा.
नुसतं ‘अहो’ आहे,
शेवटचा ओ जरा लांबवलेला.

पण एक सांगायचं राहिलं.
ऑगस्टपासून या घरात कुणी युअर्टला बोललेलं नाही.
चहा सांडतो, हेस्टर पुसते. ‘असू दे, लव्ह.’
बिनबाह्यांचा स्वेटर उलटा घालतो. ‘छान दिसतोय.’
नर्स ब्रोना त्याच्याशी
लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलते,
कुत्रासुद्धा पायात येत नाही.
सगळे इतके चांगले वागतात
की तो आपल्याच खुर्चीत
पाहुण्यासारखा अवघडून बसतो,
आता निघायला हवं, असा चेहरा करून.

‘तिसरं अक्षर जुळतंय का बघते,’ हेस्टर पुटपुटली.
‘तिसरं काय बरं—’
‘आय,’ युअर्ट म्हणाला.

आता, आय म्हणजे तिकडे हो.
त्याच्यापाशी उरलेला तो एकच शब्द.
भूक लागली का, आय. थंडी वाजते का, आय.
आम्ही दोघी गप्प झालो.
मग त्याचा डावा हात निघाला टेबलावरून,
पेन्सिलीला वळसा घालून, बिलं भरायच्या पेनकडे,
आणि त्याने लिहायला घेतलं,
सी, एच, आय,
थरथरत, आडवं नव्हे, उभं,
तिच्या नीट लिहिलेल्या चार उत्तरांना चिरडत,
डी चौकटीबाहेर, ई थेट मुरंब्याच्या बशीत.

‘युअर्ट राऊटलेज,’
ती म्हणाली, आवाज न चढवता,
हातातल्या रुमालाची घडी न मोडता,
‘पेनने? आणि उभं?
आणि माझ्या चांगल्या बशीवर?’

त्याचा अर्धाच चेहरा हसू शकतो.
तेवढा हसला.

‘आडवं नऊ,’ हेस्टर म्हणाली, ‘नदीकाठचं गवत.’
पेन तिने परत मागितलं नाही.
बशी मात्र उचलली.